टचपॅडवरचं दसऱ्याचं कुंकू

मंडळी, आज सासूबाईंनी दसऱ्याच्या पूजेला विळी-कोयत्याशेजारी माझा लॅपटॉपही मांडला आणि टचपॅडवर हळदकुंकू वाहिलं. नंतर मी ते ओल्या फडक्याने पुसलं, तर कर्सर हलेचना!

दीर लगेच म्हणाले, "आईच्या पूजेपायी गेला लॅपटॉप. वहिनी, आता हात लावू नका, दुकानात न्या."

सासूबाईंचा चेहरा एवढासा झाला. माझं डोकंच फिरलं. माऊस जोडून सगळी सेटिंग्ज पालथी घातली. शेवटी दिसलं, टचपॅडच्या वरचं बारीक बटण पुसताना दाबलं गेलं होतं. पुन्हा दाबलं, कर्सर पळायला लागला.

लॅपटॉप परत पाटावर ठेवला. म्हटलं, "आई, पुन्हा वाहा. भावजींच्या समोर."

चूक माझ्या फडक्याची, बोलणी मात्र पूजेला. तुमच्याकडेही असंच का हो?