सगळ्या तालुक्याच्या वतीनं मान्य

बसस्टँडासमोर दुकान असलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते गाडीतून उतरून आपल्या पायांनी चालत येतात! सीमेलगत, कर्नाटकातल्या हुलसूरला बारा वर्षं ऑनलाइन सेंटर चालवतोय. कुणाचा उतारा, कुणाचं रेशनकार्ड, कुणाचा जातीचा दाखला. अर्धा तालुका माझ्या कॉम्प्युटरमध्ये पडून आहे. पूर्वी हे किस्से सांगताना मी पोट धरून हसायचो. हल्ली सांगून होतात आणि हसायचं राहून जातं.

*

नवा कायदा म्हणतो, माणसाची माहिती घ्यायची तर त्याच्या भाषेत समजावून सांगा, मग त्याची संमती घ्या. चांगलाच आहे! उताऱ्यासाठी आलेल्या गुरप्पाअण्णांना मी स्क्रीनवरचं मराठीत वाचून दाखवायला लागलो. तिसऱ्या ओळीला बाहेर उमरग्याच्या गाडीनं हॉर्न दिला.

"मल्लू, मान्य हाय म्हण की बाबा! गाडी निगायलीय!"

"पण काय मान्य हाय, ते तर ऐका."

"तू वाचलास न्हवं? मग झालं!"

तेव्हापासून सगळ्या तालुक्याच्या वतीनं मीच मान्य करतो.

*

या कायद्याचं आम्हा सेंटरवाल्यांना प्रशिक्षणही मिळालं. साहेब दोन तास बोलले. मुद्दा एकच: गरज नसताना कुणाच्या आधारची झेरॉक्स घेऊ नका. टाळ्या पडल्या. मग हजेरीचा कागद फिरला. नाव, मोबाइल, सही, आणि सोबत आधारची झेरॉक्स!

मी विचारलं, "साहेब, ही कामून?"

"तुमी आलता म्हणून पुरावा नको व्हय?"

संध्याकाळी त्या सगळ्या झेरॉक्सचे फोटो सेंटरवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आले.

*

पुष्कळ घरांत बाईकडं स्वतःचा फोन नसतो. फॉर्मवर नंबर कुणाचा घालायचा? "तुजाच घाल की, तू का परका हाईस?" त्यामुळं गावातल्या कितीतरी बायकांचे मेसेज माझ्या फोनवर येतात. एकदा दवाखान्याचा आला, गरोदरपणाच्या तपासणीचा. त्याच दुपारी त्या बाईचा नवरा झेरॉक्सला आला. मी मोठ्यानं म्हणालो, "पेढे कवा?"

"कशाचे?"

दुकानात पाच माणसं उभी होती. तिची आधीची दोन बाळं पोटातच गेली होती. म्हणून तीन महिने सरेपर्यंत तिनं नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. अजून ती माझ्या दुकानावरून जाताना तोंड फिरवते. मला त्याची आजही लाज वाटते.

*

रिटायर झालेले गुरुजी पेपर वाचून तावातावानं आले. "माजी सगळी माहिती पुसून टाक. तसा हक्क हाय मला!"

मी त्यांच्या देखत कॉम्प्युटरमधून पुसली, पेनड्राइव्हमधून पुसली, व्हॉट्सअॅपवरून पुसली. गुरुजी खूश. मग मला आठवलं, त्यांचा कानडी उतारा मराठीत करून घ्यायला मी त्याचा फोटो मोबाइलमधल्या एआयला दिला होता.

"मग तितलं बी पूस."

"ते तितनं कुटं गेलंय, मलाच ठावं न्हाई, गुरुजी."

गुरुजी खुर्चीत बसले. "मग हितलं कामून पुसलास रे? हितलं तरी कुटं हाय, ते ठावं होतं!"

*

आणि ही काशीबाईअक्का. तिचा जन्म खुरपणीत आणि तूर काढण्यात गेला. तिच्या नावावर कुणीतरी दूरच्या शहरात सिमकार्ड काढलं, त्यावरून लोकांना फसवलं, आणि पोलिसांची नोटीस आली हिच्या दारात. सिम माझं नाही, अशी ऑनलाइन तक्रार गेली नाही तर तिला तिथं जाऊन हजर व्हावं लागणार होतं. अक्का शेजारच्या बसवकल्याणच्या पलीकडं कधी गेलेली नाही.

हवालदारानं सांगितलं ते असं. पंधरा वर्षांपूर्वी वाटणीच्या कागदावर अक्कानं अंगठा उठवला होता. तो कागद कुठून तरी बाहेर पडला, आणि कुणीतरी त्यावरून रबराचा अंगठा तयार केला. सिमवाल्याच्या मशीननं तो मुकाट्यानं घेतला.

मी तक्रारीचा फॉर्म भरला. सिम द्यायला आता चेहराही चालतो म्हणे, तक्रारीला मात्र अजून अंगठाच लागतो. अक्कानं ठेवला. जुळला नाही. धुऊन ठेवला, तेल लावून ठेवला, दुसऱ्या हाताचा ठेवला. खुरप्यानं एक रेष शिल्लक ठेवली नव्हती. शेवटी स्क्रीनवर आलं, ही व्यक्ती काशीबाई नाही.

अक्काला वाचता येत नाही. मलाच वाचून दाखवावं लागलं.

अक्कानं अंगठा पदराला पुसला. म्हणाली, "मल्लू, त्या चोरालाच फोन लाव. म्हणावं, आंगठा घिऊन ये बाबा, काशीबाईचं काम अडलंय!"