मोतीशेठचा खालचा बाण

मोतीशेठ आज सकाळी गेले. इतक्या ठणकावून ‘नको’ म्हणणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

आणि त्यांना बोलता येत नव्हतं!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आळेफाट्यावर त्यांचं हार्डवेअरचं दुकान. मी निरगुडसरचा, कॉलेज सांभाळून तिथे कॉम्प्युटरवर बिलं करायचो.

शेठना पॅरालिसिसचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली.

मी नुकताच C ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकत होतो. अंगात भलता उत्साह. त्यांच्यासाठी प्रोग्रॅम लिहिला. P दाबलं की स्क्रीनवर PANI, N दाबलं की NAKO.

थरथरत्या डाव्या हाताला अक्षरं सापडेनात. मग अक्षरांची सोय तशीच ठेवून शब्दांची यादी केली, बाणाने खाली सरकायची सोय केली. पुस्तकात खालच्या बाणाचा कोड ८० दिला होता. तो टाकला आणि न तपासताच ऐटीत चालू करून दिला.

शेठ जैन. सूर्य मावळला की पाण्याचा थेंब नाही, हा आयुष्यभराचा नेम. डॉक्टर म्हणालेले, पाणी भरपूर द्या. संध्याकाळी दिवे लागल्यावर दुकानातच काकूंनी, शेठच्या बायकोने, ग्लास पुढे केला.

शेठनी बटण दाबलं.

PANI.

“अगं बाई, मागितलं! सोडला एकदाचा नेम!” काकूंना रडूच आलं.

PANI. PANI. PANI.

शेठनी ग्लास उडवला. डोळे भरलेले.

दुकानातला एक ट्रकवाला हळूच म्हणाला, “शेठचं काय खरं न्हाई राव.”

माझं लक्ष त्यांच्या बोटाकडे गेलं.

“काकू, ते P दाबतच न्हाईत! बाण दाबत्यात. माझाच प्रोग्रॅम येडा हाय!”

कॅपिटल P चा कोडही ८०च. पण बाण दाबला की आधी शून्य येतं, मग ८०. शून्य आलं की ओळखायचं, हे अक्षर नाही, स्पेशल बटण आहे, पुढचा कोड वेगळा वाचायचा. मी ते शून्य सोडूनच दिलं होतं.

तिथेच बसून दुरुस्त केलं.

शेठनी बाण दाबला. खाली. अजून खाली. एंटर.

NAKO.

काकूंनी ग्लास बाजूला ठेवला. “बरं बरं, नको तर नको.”

शेठ अर्ध्या तोंडाने हसले. झटक्यानंतर पहिल्यांदाच. मला इतका आनंद पुढे कुठल्याच नोकरीत झाला नाही.

मग कित्येक वर्षं त्यांनी त्या बाणांवर दुकान चालवलं. गिऱ्हाईकाने भाव पाडून मागितला की NAKO!

आज काकू फोनवर म्हणाल्या, “काल सांजच्याला पाणी पुढं केलं रे. कॉम्प्युटर बंद व्हता. त्यांनी नुसतं बोट खाली दाबलं, हवेतच. मी ग्लास ठिवून दिला.”

शेठ, तुमचं म्हणणं पोचलं.

जय जिनेंद्र. या आता.