बार्रेतेरो पळाला नव्हता

पाचूका या आमच्या खाणगावाचा वारा पहाटे माणसांच्या आधी उठतो. डोंगरावरून उतरतो, गल्लीतले पत्रे वाजवत येतो आणि बाजाराच्या तोंडाशी दोन्या प्रिस्काच्या, म्हणजे आमच्या प्रिस्काबाईच्या, भट्टीचा धूर उलटा तिच्याच डोळ्यांत घालतो. जानेवारीतल्या त्या सोमवारी तर नळात पाणी गोठलं होतं. प्रिस्काने वाऱ्याच्या आईचा उद्धार केला, डोक्याचा रुमाल दातात धरून आवळला आणि पीठ तिंबायला घेतलं. ती पीठ मळत नसे, त्याच्याशी कुस्ती खेळे. उचलून आपटायचं, कोपराने दाबायचं, पुन्हा उचलायचं.

पेस्टे म्हणजे हाताएवढी जाड करंजी. आत बटाटा, मांस, कांदा, हिरवी मिरची. खाणवाले मुरडीला धरून खातात आणि हाताच्या काजळीने माखलेली मुरड शेवटी टाकून देतात. प्रिस्काची मुरड मात्र कुणी टाकत नसे, इतकी खमंग. आणि टाकली तर ती बघून घेई.

मागे उलट्या खोक्यावर बसून तिचा नवरा फिदेन्सिओ बटाटे सोलत होता. बैलासारखी मान, उजवा गुडघा काठीसारखा ताठ, डावा कान चुरगळून गोळा झालेला. माणूस तोंडाचा मुका नव्हता, पण दिवसाला दहा शब्द पुरत त्याला.

त्याच्यासमोर गावातले म्हातारेसुद्धा टोपी काढत. तेवीस वर्षांपूर्वी संत हुदासच्या सणाच्या आदल्या दिवशी पहिली पाळी संपताना माणसं खाली-वर नेणारा खाणीचा पाळणा मध्येच अडकला आणि वरून खडक आला. सात माणसं खाली राहिली. फिदेन्सिओने त्यांना जुन्या शिडीने एकेक करून वर आणलं. दोघांना तर पाठीवर. पहाट झाली तेव्हा सातवा वर आला आणि फिदेन्सिओचा गुडघा कायमचा गेला. कंपनीने तीन दिवस बातमी बाहेर पडू दिली नाही, त्यामुळे नेमका वार कोणता हे खाणीबाहेर फारसं कुणाला ठाऊकच नाही. खाणवाले दिवस मोजतात ते संतांच्या नावाने. कुस्तीवाले मोजतात शुक्रवारांनी.

तो शुक्रवार होता. आणि फिदेन्सिओ त्या रात्री आठ वाजता आखाड्यात असायला हवा होता, काळ्या-पिवळ्या मुखवट्यात, बार्रेतेरो, म्हणजे पहारवाला खाणकामगार, या नावाने.

हे मला ठाऊक आहे, कारण माझा बाप पैलवानांचे मुखवटे शिवायचा आणि आता मी शिवतो. प्रिस्काच्या शेजारचंच दुकान. आमच्या धंद्यात डोक्याची मापं असतात, माणसांची नावं नसतात. बापाच्या वहीत लिहिलेलं आहे, ‘बार्रेतेरो. घेर बासष्ट. डाव्या कानाला जागा सोडणे.’ वही वाचून मी प्रिस्काकडे पाहिलं, तिने माझ्याकडे पाहिलं. एवढंच. तुम्ही पाचूकाचे नाही म्हणून तुम्हाला सांगतो. तिथे अजून सांगितलेलं नाही.

तर त्या शुक्रवारी मुखवट्याची पैज होती. बार्रेतेरो विरुद्ध किरमिजी राजपुत्र. जो हरेल त्याने सगळ्यांसमोर मुखवटा उतरवायचा, आपलं खरं नाव आणि गाव सांगायचं. राजपुत्र राजधानीहून मोटारीने आला, रिंगणात उभा राहिला. बार्रेतेरो आलाच नाही. तो त्यानंतर कधीच दिसला नाही. लोकांनी खुर्च्या फेकल्या आणि एक शब्द गावाच्या तोंडी बसला तो कायमचा. पळपुटा.

हाच शब्द प्रिस्काला पुसायचा होता. दर सोमवारी तिच्या गाड्यापुढे भांडण रंगे. ती कुस्ती झाली असती तर कोण जिंकलं असतं? नियम एकच होता. ज्याच्या हातात पेस्टे असेल त्याने बोलायचं, पेस्टे संपला की तोंड मिटायचं. त्यामुळे काही जण उंदरासारखं कुरतडत खात.

त्या सोमवारी भांडणाला धार होती. आखाड्याचे मालक डॉन सालोमोन स्वतः आले होते. आखाड्याच्या दर्शनी भिंतीवर जुन्या पैलवानांची चित्रं नव्याने रंगवायची होती. अकरा जण ठरलेले. बाराव्या जागेसाठी राजपुत्र की बार्रेतेरो यावर त्यांचं मत ठरेना.

“सोमवारवाल्यांनी ठरवावं,” डॉन सालोमोन म्हणाले. “शिव्या तुम्हीच देणार आहात, मग निवडा पण तुम्हीच.”

पहिला पेस्टे उचलला अबुंदिओने. खाणीच्या पाळण्याचं यंत्र चालवून निवृत्त झालेला, आवाज भोंग्यासारखा.

“राजपुत्राची उडी आठवा! वरच्या दोरावरून झेप घेतली की माणूस खाली येतो का देवदूत, कळायचं नाही.”

“देवदूत असो नाहीतर कोंबडा,” प्रिस्का लाटणं न थांबवता म्हणाली, “उडणारा शेवटी खालीच येतो. आणि खाली कोण उभा असायचा? बार्रेतेरो. त्याने पाय जमिनीवरून कधी उचलला का? नाही. येऊ द्यायचा, छातीवर घ्यायचा आणि पाचर मारायची.”

पाचर हा बार्रेतेरोचा डाव. समोरच्याच्या काखेत डोकं घालून त्याला कमरेवर उलथा करायचा. खडकात पहार सारतात तसा.

“पाचर हळू डाव आहे हो दोन्या,” शिक्षिका ओफेलियाबाई म्हणाल्या. त्या प्रिस्काच्याच बाजूच्या, पण वर्गातली सवय म्हणून दोन्ही बाजू तपासायच्या. “राजपुत्र तेवढ्यात तीन वेळा निसटला असता.”

“कशावरून? तेल लावून यायचा म्हणून? बाई, तुम्ही माझ्याकडून खाता का त्याच्याकडून?”

हशा झाला. ओफेलियाबाईंनी घाईघाईने मोठा घास घेतला.

“आणि हे सगळं बोलायचं कशाला?” अबुंदिओने हातातला उरलेला तुकडा उंच धरला, म्हणजे अजून बोलायचा हक्क आहे हे सगळ्यांना दिसावं. “जो आला तो पैलवान. जो आला नाही त्याला भिंतीवर काय म्हणून चढवायचा? खाली काय लिहिणार, पोट दुखत होतं? मी होतो तिथे! तिसऱ्या रांगेत. राजपुत्र रिंगणात शड्डू ठोकतोय आणि आमचा गाववाला गायब. मान खाली गेली हो माझी. या डोळ्यांनी बघितलंय.”

प्रिस्काचं लाटणं थांबलं.

“तिसऱ्या रांगेत?” तिने विचारलं.

“तिसऱ्या! मधली खुर्ची.”

मागची सोलायची सुरीही थांबली. माझं शिवणयंत्र तर मी आधीच थांबवलं होतं.

त्या रात्री आखाड्यात आठशे खुर्च्या होत्या, आणि आज ‘मी होतो’ म्हणणारे पाच हजार भेटतील. अबुंदिओ त्यातलाच. कारण त्या रात्री तो पाळण्याच्या यंत्रापाशी होता. पहाटेपर्यंत. आठच दिवसांपूर्वी याच जागी त्याने डोळ्यांत पाणी आणून सांगितलं होतं की सातवा माणूस वर आला तेव्हा फिदेन्सिओच्या हातातली कंदिलाची कडी मीच सोडवून घेतली. दोन्ही गोष्टी तो इतकी वर्षं सांगत होता, एक खाणवाल्यांना, एक कुस्तीवाल्यांना, आणि दोन्ही एकाच रात्रीच्या आहेत हे त्याच्या टाळक्यात कधी आलंच नव्हतं.

प्रिस्काने एकच वाक्य बोलायचा अवकाश होता. तारीख काढ रे, एवढं जरी म्हणाली असती तरी बार्रेतेरो नाहीसा झाला ती रात्र आणि फिदेन्सिओ खाणीत होता ती रात्र एकच, हे गावाने जोडलं असतं. पळपुटा हा शब्द तिथल्या तिथे भट्टीत गेला असता. आणि त्याबरोबर मुखवटाही.

तिचे ओठ उघडले. मी बघत होतो. मानेची शीर टचकन वर आली. मग तिने ओठ मिटले, गिळलं आणि पिठाचा गोळा असा आपटला की डॉन सालोमोनच्या काळ्या कोटावर पांढरं उडालं.

“अबुंदिओ, राजपुत्राचं खरं नाव काय रे?”

“हा काय प्रश्न? ऑनेसिमो बार्राहास. सगळ्यांना माहीत आहे.”

“का माहीत आहे?”

अबुंदिओ चावायचा थांबला.

“सांग की. का माहीत आहे? कारण पुढे सात वर्षांनी राजधानीत त्याला कुणीतरी उताणा पाडला आणि त्याने भर रिंगणात मुखवटा उतरवून नाव सांगितलं. नाव, गाव, सगळं. रडला पण म्हणे. आता बार्रेतेरोचं नाव सांग.”

अबुंदिओने डॉन सालोमोनकडे पाहिलं.

“सांगा ना! डॉन सालोमोन, तुम्ही मालक, तुम्ही सांगा. नाही माहीत? ज्याचा मुखवटा उतरला नाही, तो हरला कसा? कायदा तुमचाच आहे, माझा नाही. जो हरतो त्याचं नाव कळतं. मला त्याचं नाव आणून द्या, मी स्वतः ‘पळपुटा’ म्हणेन, चौकात उभी राहून म्हणेन. तोपर्यंत त्या शब्दाने माझ्या गाड्यापुढे तोंड विटाळायचं नाही.”

“वा!” ओफेलियाबाई म्हणाल्या. हात रिकामा असताना बोलल्या, नियम मोडून.

डॉन सालोमोननी हात वर करायला सांगितले. राजपुत्राला सहा. बार्रेतेरोला सहा, त्यात माझा एक.

“सहाला सहा,” डॉन सालोमोन म्हणाले. मग त्यांनी टोपी काढली आणि भट्टीमागे वाकून पाहिलं. “डॉन फिदेन्सिओ, एक मत राहिलं. तुमच्या शब्दाबाहेर या गावात कोण जाणार? तुम्ही सांगाल ते भिंतीवर.”

“बरोबर!” अबुंदिओ म्हणाला. “फिदेन्सिओ म्हणेल ते मला कबूल. त्याला धैर्य म्हणजे काय ते कळतं.”

प्रिस्का वळली. तेवीस वर्षं ती ज्यासाठी भांडली ते आता त्याच्याच जिभेवर होतं, आणि त्याला कुणाचं नाव फोडावं लागणार नव्हतं, मुखवटा काढावा लागणार नव्हता. फक्त एक शब्द.

फिदेन्सिओने हातातला बटाटा पुरा सोलला. पाण्यात टाकला.

“राजपुत्र,” तो म्हणाला.

अबुंदिओने आरोळी ठोकली. कुणी कुणाच्या पाठीत गुद्दे घातले. डॉन सालोमोन कोट झटकत निघाले. दहा मिनिटांत गाडा रिकामा झाला. वारा तेवढा राहिला.

मी माझ्या यंत्रावर मान घालून बसलो होतो, पण मधे फक्त एक पत्रा.

“का रे?” प्रिस्काचा आवाज हळू होता, म्हणजे वाईट होता.

“चित्र काढायचं तर फोटो शोधतील,” फिदेन्सिओ म्हणाला. “कुणीतरी फोटो बघेल, मग मान बघेल, मग माझ्याकडे बघेल. इतकी वर्षं तू तोंड शिवून बसलीस. भिंतीसाठी उसवू?”

“हे कारण झालं. खरं सांग.”

दहा शब्दांचा माणूस, त्या दिवसाचे कधीच संपले होते.

“त्या रात्री मी हरलो असतो, प्रिस्का. तो चांगला होता. माझ्यापेक्षा चांगला.”

“खोटं.”

“लढणार मी होतो. मला माहीत आहे.”

“तुला काय माहीत? तू कधी समोर बसून स्वतःला बघितलंयस? मी बघितलंय. सहा वर्षं, दर शुक्रवारी, सगळ्यात वरच्या फळकुटावर बसून, शेजारणी ‘मारा त्याला’ ओरडत होत्या तेव्हा ओठ चावून. तुझी पाचर बसली की सुटलेला माणूस मी पाहिला नाही. तो उडी मारणार, तू छातीवर घेणार, एक वळण, दुसरं वळण, आणि तुझ्या राजपुत्राची पाठ जमिनीला. संपलं.”

“सहाला सात झाले,” तो म्हणाला. “ठरलं ते ठरलं.”

“भिंतीचं ठरलं. माझं कुणी ठरवायचं नाही, तू पण नाही.” तिने परात पुढे ओढली. “पुढच्या सोमवारी पुन्हा काढते विषय. मी आहे तोवर दर सोमवारी काढणार. आणि पुन्हा त्यांच्या बाजूने बोललास ना, तर कांदे पण तूच चिरायचे.”

“बरं.”

“बरं काय! बटाटे बारीक कर, मघाचे जाड झालेत. बाहेर येतात.”

मागे सुरी पुन्हा चालू झाली. प्रिस्काने पारीत सारण भरलं, कड पाण्याने ओली केली आणि अंगठ्याने मुरड घालायला सुरुवात केली, एकेक वळण चिमटून, जरा जास्तच जोराने.