कूट न चालणाऱ्यांची यादी

आमच्या कोल्हापुरात शेंगदाण्याचं कूट कशात नसतं ते विचारा. आणि माझ्या मुलीच्या पोटात ते चिमूटभर गेलं तरी घसा सुजतो, श्वास कोंडतो. ती सहा वर्षांची असताना माझ्या जावेनं तिला वांग्याचा घास भरवला. मी हजारदा बजावलं होतं, पण जावेचा समज असा, की दाणे खमंग भाजले की त्यातला दोष जातो. दवाखान्यात पोचेपर्यंत पोरीचे ओठ निळे पडले होते. जावेनं मनापासून भाजले होते हो दाणे, तिला तरी काय बोलणार?

तेव्हापासून माझ्या पर्समध्ये, असं काही झालं तर लगेच टोचायच्या इंजेक्शनची डबी असते. आता पोरगी अठराची झाली, शिकायला पुण्याला निघाली. मेसमध्ये कोण तिला विचारून भाजी करणार आहे? इथल्या एका डॉक्टरबाईंना यावरच संशोधन करायचं होतं. आपलं भाजलेलं कूट कुणाला किती बाधतं, आणि दवाखान्यात कणाकणानं देऊन अंगाला सवय लावता येते का. त्यांनी सरकारकडं पैसे मागितले. अर्ज परत आला, जिल्ह्यात असे रुग्ण किती त्याची यादी जोडा म्हणून. अहो, ती यादी करायलाच तर पैसे हवे होते! दुसऱ्यांदा परत आला तेव्हा मीच म्हटलं, द्या इकडं कागद, मी फिरते.

कसबा बावडा झाला, इचलकरंजी झाली. निम्म्या घरांत मला ऐकवलं, पोरांची थेरं आहेत, दोन दिवस उपाशी ठेवा, सगळं खातील. भांडायचंही त्राण उरलं नाही. खरंच कंटाळले मी.

पेठ वडगावात एका बाईंनी बसवून चहा दिला. त्यांची मुलगी लग्नाच्या पंगतीत जेवता जेवता कोसळली आणि गेली. दाखल्यावर हृदय बंद पडल्याचं लिहिलंय. दाण्यानं तिचे ओठ लहानपणापासून सुजायचे. त्या दिवशीही ती नको म्हणत होती, पण पानात टाकलं तर यजमानांना वाईट वाटेल म्हणून आईनंच दटावून खायला लावलं होतं.

यादीत फक्त तपासणी झालेले, हयात रुग्ण चालत होते. ते सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात त्या माझ्या हातातल्या कागदाकडं बघत म्हणाल्या, "माझीबी धरा की त्यात. कशानं गेली ते कुठंच लिवलेलं न्हाय बघा."

मी लिहून घेतलं. नाव, वय, गाव. डॉक्टरबाईंनी ते नाव वाचलं आणि बराच वेळ पेन उघडलंच नाही. शेवटी खोडावं लागलं. अर्ज तिसऱ्यांदा गेलाय, उत्तर नाही.

काल मुलीची बॅग भरली. डबीतल्या इंजेक्शनची तारीख बघून डबी तिच्या हातात दिली. आयुष्यभर तिला पाहुण्यांत नीट वागायला शिकवलं, आणि काल म्हटलं, "कुणाला कितीबी वाईट वाटू दे. पान तसंच सोडून ऊठ."