नेरेइदाच्या वाट्याची लाट

आमच्या एन्कुएन्त्रो किनाऱ्यावरच्या खाणावळीत नेरेइदा सकाळचा नाश्ता बनवायची. कच्ची केळी उकडून कुस्करताना खिडकीतून तिला हिवाळ्यातल्या उंच, गुळगुळीत लाटा दिसायच्या, सर्फिंगला अगदी हव्या तशा. पण ती दहाला सुटायची आणि नेमका तेव्हाच पूर्वेचा वारा सुटून समुद्र पार विस्कटून टाकायचा. उन्हाळ्यात तर दिवसभर वाराच, लाटांचा पत्ताच नाही.

"मालकीणबाई, निदान फेब्रुवारीत तरी मला दुपारी बोलवा ना!"

"आणि केळी कोण कुस्करणार? तुझा सर्फबोर्ड?"

एके दिवशी दहा वाजून गेले तरी वारा आला नाही. नेरेइदा बोर्ड काखोटीला मारून धावली. पाण्यात खाणावळीतल्या पाहुण्यांचीच झुंबड होती. बऱ्याच वेळाने तिला एक सुरेख लाट मिळाली. ती उभी राहिली, तोच एक पाहुणा आडवा आला. त्याला चुकवताना ती पाण्यात आपटली.

"अगं, तू तर नाश्तावाली!" तो हसला.

"उद्यापासून नाही," ती फणकारली. तशीच ओल्या कपड्यांनी जाऊन तिने काम सोडलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती पाण्यात होती. वारा नव्हता, गर्दीही नव्हती. आणि समुद्र तळ्यासारखा सपाट पडला होता.