त्यांनी बोट धरलं होतं

पुतण्याचा फोन आला तेव्हा मी मेथीच्या वाफ्यात होते. "काकू, आई गेली," एवढंच तो बोलला. हातातली जुडी मी बांधून पुरी केली आणि मगच उठले... त्याला आता दोन महिने होतील.

सुलोचनाबाई माझ्या थोरल्या जाऊबाई. सेलूच्या बाजारात भाजी घेऊन आम्ही दोघी बसायचो. जुड्या मी बांधायची, भाव त्या सांगायच्या, कारण परक्या माणसापुढं माझं तोंडच उघडत नाही. गिऱ्हाइकाला त्या म्हणायच्या, "तिले नोका विचारू, तिच्या वाटचं बी मीच बोलतो." मग माझ्याकडे बघून हसायच्या.

एक गोष्ट मात्र मीच बोलायला हवी होती. एका वर्षी वाडीचं फाटक उघडं राहिलं आणि गुरांनी सगळी वांगी खाल्ली. फाटक मी उघडं ठेवलं होतं. सासूबाईंनी जाऊबाईंना दोषी धरलं, आणि मरेपर्यंत त्यांच्या हातचं पाणी घेतलं नाही. मी गप्प राहिले. जाऊबाईंनी मला कधी काही विचारलं नाही. त्यांना माहीत होतं की नाही, हे मला आजही कळत नाही.

मग त्यांच्या मेंदूत रक्त साकळलं. वर्ध्याच्या दवाखान्यात त्या डोळे उघडे ठेवून पडून असायच्या. एका दुपारी जवळ कोणी नव्हतं. त्यांच्या तळहातात बोट देऊन मी म्हटलं, "बाई, ते फाटक मी उघडं ठेवलं होतं जी." त्यांनी माझं बोट घट्ट धरलं. मी रडले... इतकं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं.

संध्याकाळी मी स्वतः होऊन डॉक्टरांशी बोलले. बाईंना समजतं, त्यांनी माझं बोट धरलं, म्हणून सांगितलं. माणूस चांगला होता. त्यानं खिशातलं पेन काढून बाईंच्या तळहातावर ठेवलं. पेनही त्यांनी तसंच घट्ट धरलं.

"मावशी, हे हात आपोआप करतो," तो हळू म्हणाला. "त्यांना ठाऊक नसतं."

घरी शेवटची आंघोळ घालताना मी पुन्हा बोट दिलं. हात तोच, अंगठ्यावरचा विळ्याचा वण तोच. पण बोट धरलं नाही. म्हणजे त्या हातातून काहीतरी गेलं होतं. जे गेलं ते मला ओळखणारं होतं, की नुसतं पेन धरणारं? ओळखणारं आधीच गेलं असेल, तर त्या दुपारी मी कोणाशी बोलले? आत्मा मरत नाही, असं दहाव्याला महाराजांनी सांगितलं. नसेल मरत. पण त्या दुपारी तो तिथं होता का, हे मला विचारता आलं नाही, आणि विचारलं असतं तरी त्यांना कुठून ठाऊक...

त्यांच्या खोलीत त्यांची खाट अजून तशीच आहे. परवा दार लावून घेतलं आणि खाटेजवळ बसून फाटकाची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगितली. खाटेनं जेवढं ऐकलं, तेवढंच त्या दुपारी त्यांनीही ऐकलं असेल.