टाइपरायटरचं आवरण

इंग्रजी भाषा आज जगात कुठे धडधाकट उरली असेल, तर ती मये गावात, माझ्या मावशीच्या घराच्या सोप्यावर. तिची देखभाल मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, एकहाती करतात. उभी हयात त्यांनी डिचोलीकडच्या एका खाणीच्या कचेरीत इंग्रजी पत्रं टाइप करण्यात घालवली. खाण बंद पडली तेव्हा कुणी कचेरीतली खुर्ची मागून आणली, कुणी पंखा. काकांनी आणलं ते आपल्या टाइपरायटरचं रेक्झिनचं आवरण. आता त्याखाली झाकायला काहीच नव्हतं, तरी ते घडी करून कपाटात ठेवलं.

काकांच्या मोबाइलमधून आजवर एकही तोकडा शब्द बाहेर पडलेला नाही. मी सकाळी 'गुड मॉर्निंग'ची नुसती दोन अक्षरं पाठवली, तर शुभेच्छा पोचल्याची रीतसर पोच येते, इकडचं कुशल येतं आणि खाली त्यांचं संपूर्ण नाव येतं. बनियनवर तर ते मेसेज लिहीतच नाहीत. फोन वाजला की आधी इस्त्रीचा सदरा, मग चष्मा, मग टेबल. मावशी विचारते, "खंय निघालात?" "ऑफीस आसा," म्हणून काका सोप्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसतात.

त्यांच्या लेकीने, आमच्या ताईने, तळ्याकडच्या दोन खोल्या पर्यटकांसाठी काढल्या आणि ऑनलाइन चौकश्यांना उत्तरं द्यायचं काम बाबांवर सोपवलं. काका खुलले. 'रूम आहे का' एवढंच अर्ध्यामुर्ध्या अक्षरांत विचारणाऱ्या पोराला त्यांचं इंग्रजी उत्तर 'आपल्या चौकशीच्या संदर्भात' असं सुरू होऊन डासांची परिस्थिती आणि नार्व्याच्या देवळाची वाट सांगून संपायचं. लोकांना वाटे, खोली सरकारी आहे.

"बाबा, तुमचा उत्तर वाचून होयपर्यंत लोक दुसरीकडे रूम घेतत!" ताई कळवळून म्हणाली.

"पानात जेवण अर्धा टाकून कोण उठता? मगे वाक्य कित्याक अर्धा टाकूचा?"

शेवटी ताईने फोन काढून घेतला. ह्या सीझनला खोल्या भरल्या नाहीत तर जवळच्या कारखान्यातल्या कामगारांना महिन्याच्या भाड्याने देईन, असंही सांगून टाकलं. तरी काका रोज सकाळी सदरा घालून रिकाम्या टेबलाशी बसायचे. मला ते बघवत नसे.

ताईच्या तुटक्या मेसेजांना भुलून अखेर एक पाहुणा आला. गेल्यावर त्याने तितक्याच तुटक्या इंग्रजीत शेरा मारला: बाथरूममध्ये बेडूक, अंकल बोअर, एक तारा. ताई रडायलाच लागली. काकांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि फोनसाठी हात पुढे केला.

त्यांच्या उत्तराचा मराठी गोषवारा असा: "महोदय, बेडूक आढळला हे मान्य आहे. तो हे घर बांधण्यापूर्वीपासून येथे राहतो. आम्ही त्यास कामावर ठेवलेले नाही, सबब काढूनही टाकता येत नाही. आपली झोपमोड झाली याबद्दल मी मनापासून दिलगीर आहे. माझ्या पत्नीने केलेली घावणे आपण पुन्हा मागून घेतलीत, हे लिहायचे मात्र राहून गेले. पुन्हा अवश्य यावे. बेडकाची हमी देता येत नाही, घावण्यांची देतो. आपला विश्वासू." खाली संपूर्ण नाव.

ते उत्तर कुणीतरी पुढे पाठवलं, त्याने आणखी कुणाला, आणि बघता बघता ते मुंबई-बेंगळुरूपर्यंत पोचलं. चौकश्यांची रीघ लागली. 'यू'चं एक अक्षर लिहिणारी पोरं 'रिस्पेक्टेड सर' लिहू लागली, बेडूक दोन दिवस उपलब्ध असेल का, असं पूर्ण वाक्यात विचारू लागली. तो पाहुणासुद्धा परत आला, या वेळी बायकोला घेऊन. खोल्या भरल्या त्या भरल्याच. फोन काकांच्या टेबलावर ठेवताना ताई म्हणाली, "बाबा, आता तुमीच बगा."

परवा मी गेलो तेव्हा काका उत्तरं लिहीत होते. तळ्यावर सांज उतरली तसा त्यांनी चष्मा काढला, आत जाऊन कपाटातलं ते आवरण आणलं, झटकलं आणि फोनवर घातलं. एवढंसं यंत्र त्याखाली कुठल्या कुठे गेलं. काकांनी आवरणाच्या कडा नीट ओढल्या आणि सदऱ्याची बटणं काढत मावशीला हाक मारली, "गे, चाय ठेव. ऑफीस सुटला."